घशातलं फाटक

पक्षाघाताच्या झटक्यातून माझी आजी बरीच सावरली. महिन्याभरात काठी धरून चालायला लागली, बोलणं थोडं जड झालं तरी कळू लागलं, जेवणही जाऊ लागलं. गुरगुट्या भात, शिरा, घोटलेली पालेभाजी ती सावकाश का होईना, पण संपवायची. अडचण पाण्याची होती. जेवण झाल्यावर फुलपात्रातून दोन घोट घेतले की हमखास ठसका लागायचा. चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि पुढची दहा मिनिटं घसा खरवडत जायची. डॉक्टरांनी सांगितलं, "पाणी, चहा, ताक पातळ देऊ नका. दाट करून द्या." आणि गिळण्याच्या तपासणीसाठी आम्हाला स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे बोलायला मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

"पाणी काय चावून प्यायचं का रे?" आजीनं मला विचारलं. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. भात उतरतो आणि पाणी उतरत नाही, हे कसं? आणि बिघाड गिळण्यात असताना इलाज बोलणं शिकवणाऱ्याकडे का? या दोन्ही प्रश्नांनी मला घशाचा अभ्यास करायला लावला. उत्तरं सापडली ती हनुवटीखालच्या चार बोटं जागेत.

वाटा एकमेकींना ओलांडतात

शाळेच्या पुस्तकात घशाचं चित्र असतं. एक श्वासनलिका, एक अन्ननलिका. दोन नळ्या शेजारी शेजारी दिसतात आणि आपला समज होतो की नाकाची नळी फुफ्फुसात जाते, तोंडाची नळी पोटात जाते, विषय संपला. पण चित्र पुन्हा नीट पाहा. नाकाची पोकळी तोंडाच्या वर आहे आणि ती मागच्या बाजूला घशात उघडते. खाली मात्र श्वासनलिका पुढे आहे आणि अन्ननलिका तिच्या मागे. मानेवर पुढून बोट फिरवलंत तर कडक कड्या लागतात, त्या श्वासनलिकेच्या. अन्ननलिका बोटाला लागत नाही, ती त्यामागे पाठीच्या मणक्यांना चिकटून आहे. म्हणजे मागून आलेल्या हवेला पुढे जायचं असतं आणि पुढून आलेल्या घासाला मागे. दोन्ही वाटा एकमेकींना छेद देतात आणि तो छेद जिथे होतो तो सामाईक चौक म्हणजे घसा.

या चौकात भिंत नाही. मला हे समजलं तेव्हा सगळं चित्रच बदललं. आपलं शरीर हवा आणि अन्न यांना जागेनं वेगळं करत नाही, वेळेनं वेगळं करतं. रेल्वे फाटक डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावरची वाहतूक एरवी सुरू असते. गाडी आली की फाटक पडतं, गाडी निघून जाते, फाटक उघडतं, रस्ता पुन्हा वाहू लागतो. घशात श्वास हा रस्ता आहे आणि घास ही गाडी. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांमुळे सतत उघडी असते. (कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं तसं लवचीक, कडक ऊतक.) उलट अन्ननलिका रिकामी असताना चपटी पडलेली असते आणि तिच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं ते तोंड आवळून धरतं, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर पोटात हवा जात नाही. एक दार नेहमी उघडं, दुसरं नेहमी बंद. गिळायच्या क्षणी दोन्हींची अदलाबदल होते आणि सेकंदाभरात पुन्हा पूर्ववत.

एका आवंढ्यात काय काय घडतं

मराठीत यासाठी सुंदर शब्द आहे, आवंढा. तोंडात घास नसताना नुसती लाळ गिळणं. वाचता वाचता दोन बोटं कंठमण्यावर ठेवा आणि एक आवंढा गिळा. बोटाखालचा उंचवटा झटकन वर सरकतो आणि खाली येतो, हे जाणवेल. आता गिळता गिळताच श्वास आत घेण्याचा प्रयत्न करा. जमणार नाही. तिसरा प्रयोग, लागोपाठ पाच आवंढे गिळा. दोन-तीन नंतर घसा जणू ऐकेनासा होतो, कारण गिळायला काहीतरी घशाला लागावं लागतं आणि तोंडातली लाळ संपलेली असते.

या तीन प्रयोगांत जवळजवळ सगळी यंत्रणा आली. पहिला टप्पा आपल्या हातात असतो. जीभ घासाचा गोळा करते आणि टोकापासून मागे टाळूवर दाबत जाते, टूथपेस्टची ट्यूब तळापासून दाबावी तशी. घास जिभेच्या मुळाशी पोचला की कारभार आपल्या हातातून सुटतो. तिथल्या मज्जातंतूंकडून वर्दी जाते मस्तिष्कपुच्छाला, म्हणजे मेंदूचा जो शेवटचा भाग मज्जारज्जूला जोडलेला असतो त्याला. श्वासाचा ठेका धरणारं केंद्रही तिथेच, अगदी शेजारी आहे. गिळण्याचं केंद्र श्वासकेंद्राला थांबवतं आणि मग पंचवीसहून अधिक स्नायूजोड्या ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात. एकदा सुरू झालेलं हे काम मध्येच थांबवता येत नाही.

आधी मऊ टाळू, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. पाणी पिताना कोणी हसवलं की ते नाकातून बाहेर येतं, कारण हसण्यासाठी हा टाळू नको त्या वेळी खाली पडलेला असतो. टाळू दुभंगलेल्या बाळाचं दूध नाकातून येतं, तेही याच कारणानं. मग जिभेच्या मुळाशी असलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक हाड वर आणि पुढे ओढलं जातं. हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेलं नाही, ते स्नायूंवर नुसतं टांगलेलं आहे. त्याच्यासोबत स्वरयंत्रही वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडतं. बोटाला जाणवलेला झटका तो हाच. स्वरयंत्र पुढे गेल्यामुळे त्याच्या मागचं अन्ननलिकेचं तोंड ताणून उघडतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तिथलं स्नायूंचं कडं सैल पडतं. एकाच हालचालीत हवेचं दार आडोशाला गेलं आणि अन्नाचं उघडलं. या काटकसरीचं मला फार कौतुक वाटतं.

घशाच्या भिंती वरून खाली आवळत घासाला ढकलतात. घास स्वरयंत्राच्या डोक्यावरून सरळ पडत नाही. नदीच्या पात्रातल्या खडकाला पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालतं, तसा तो बहुतेकदा दोन ओघांत स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या खोलगट पन्हाळींतून जातो आणि मागे एकत्र येतो. माशाचा काटा अडकतो तो बऱ्याचदा जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये किंवा या पन्हाळींत. काटा अडकल्यावर भाताचा कोरडा गोळा किंवा केळं गिळायची आपली पद्धत आहे, पण त्यानं काटा अधिक खोल रुतू शकतो. तो डॉक्टरांकडून काढून घेणंच बरं.

घशातला हा सगळा प्रवास एका सेकंदाच्या आत होतो. श्वास साधारण अर्धा ते दीड सेकंद थांबतो. पुढे अन्ननलिकेतून पोटापर्यंत जायला घासाला आठ-दहा सेकंद लागतात, पण तोवर फाटक केव्हाच उघडलेलं असतं.

झाकणापेक्षा मोठं काम कोणाचं?

श्वासनलिकेवर झाकण असतं, हे आपण सगळे शिकलो. त्याला एपिग्लॉटिस म्हणतात. जिभेच्या मुळामागे उभं असलेलं कूर्चेचं हे पान गिळताना मागे झुकतं आणि स्वरयंत्राच्या तोंडावर आडवं होतं. शाळेत मी समजलो होतो की श्वास आणि घास वेगळे ठेवण्याचं काम हेच झाकण करतं. पण फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माझांदी यांनी 1813 मध्येच प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की एपिग्लॉटिस काढून टाकलं तरी गिळणं सुरू राहतं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत एपिग्लॉटिस गमावलेली माणसंही बहुधा सरावानं पुन्हा जेवू लागतात.

खरा पहारा त्याच्या खाली आहे. स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन मांसल पट्ट्या. श्वास घेताना त्या इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या फाकलेल्या असतात. गिळताना त्या घट्ट मिटतात. त्यांच्यावर आणखी दोन घड्या मिटतात आणि सर्वांत वर एपिग्लॉटिस झुकतं. तीन मजल्यांवर तीन दारं. वरच्या दारातून थेंब निसटला तर खालचं अडवतं.

स्पीच थेरपिस्टचं कोडं इथे सुटलं. ज्या पट्ट्या कंपन पावून आपला आवाज निर्माण करतात, त्याच फुफ्फुसांच्या दारावर पहारा देतात. किंबहुना पहारा आधीचा आणि आवाज नंतरचा. व्हिक्टर नेगस या इंग्रज शल्यविशारदानं अनेक प्राण्यांच्या स्वरयंत्रांचा अभ्यास करून 1929 मध्ये ग्रंथ लिहिला. फुफ्फुसं असलेल्या आदिम माशांपासून तो ही कथा सांगतो. तिथे स्वरयंत्र म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून आवळणारं स्नायूंचं साधं कडं होतं. पुढे त्याच कड्यातून डरकाळी, कोकिळेचा नव्हे पण आपला गळा, बोलणं आणि गाणं आलं. (पक्ष्यांचा आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या वेगळ्याच अवयवातून.) जीभ, टाळू, ओठ, स्वरतंतू ही बोलण्याची आणि गिळण्याची सारीच अवजारं एक. म्हणून त्यांची दुरुस्ती जाणणारा माणूसही एकच.

पाणी का फसवतं

आता आजीचा प्रश्न. फाटक बंद व्हायला थोडा वेळ लागतो. भाताचा मऊ गोळा हळू सरकतो, एकसंध राहतो, जिभेला आणि घशाला आपली चाहूल आधी देतो. पाणी पातळ असतं. जीभ जरा सैल पडली की ते आपलं आपण मागे ओघळतं आणि वर्दी पोचून दारं मिटण्याआधीच चौकात येऊन पोचतं. निरोगी माणसाच्या बाबतीत ही शर्यत दारं जिंकतात. पक्षाघातानं जिभेचा ताबा सुटला, वर्दी मंदावली, की काही दशांश सेकंदांचा उशीर होतो आणि शर्यत पाणी जिंकतं. दाट केलेलं पेय सावकाश उतरतं, आणि अनेक रुग्णांना तेवढी उसंत पुरते. सर्वांनाच नव्हे, म्हणून तज्ज्ञ आधी तपासतात. गरज पडली तर बेरियम मिसळलेला घोट पाजून एक्स-रेखाली त्याचा चलत्पट पाहतात.

श्वासाची वेळही महत्त्वाची. आपण बहुतेकदा उच्छ्वासाच्या मध्येच गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेली हवा बाहेर सोडतो. दाराशी एखादा कण राहिला असेल तर तो या झोतानं बाहेर फेकला जातो. बोलताना नेमकी हीच शिस्त मोडते. आपण वाक्य उच्छ्वासावर बोलतो आणि वाक्य संपलं की तोंडानं घाईघाईनं श्वास आत ओढतो. तोंडात घास असेल तर तो त्याच ओढीत सापडतो. जेवताना बोलू नये, असं वडीलधारे सांगत आले, त्याला हा आधार आहे. शेंगदाणे तोंडात असताना मुलाला हसवू नये किंवा पळू देऊ नये, ते याच कारणानं.

तांब्याला ओठ न लावता उंचावरून धार सोडून पाणी पिणारी माणसं पाहिली की मला नेहमी आश्चर्य वाटायचं. मान मागे, तोंड उघडं, तरी ठसका नाही. सवय असलेला माणूस धार चालू असेपर्यंत श्वास रोखतो आणि घोटामागून घोट उतरवतो. फाटक पाडून एकामागून एक डबे जाऊ देण्यासारखंच. पण ज्याला आधीच गिळायला त्रास होतो त्यानं हे करू नये. मागे टाकलेल्या मानेमुळे पाणी स्वतःच्या वजनानं धावतं.

ठसका

दारं चुकली तरी शेवटचा बंदोबस्त आहेच. स्वरयंत्राच्या आतल्या अस्तराला थेंब लागला की एक खोल श्वास, मग स्वरतंतू गच्च बंद, छातीत दाब, आणि दार अचानक उघडून हवेचा स्फोट. तो ठसका. ठसका लागला की कुणीतरी आठवण काढली म्हणतात. आई डोक्यावर थापटत "वर बघ, वर बघ" म्हणते. त्या थापटण्यातली माया खरी आहे, पण तोंडात घास शिल्लक असताना मान मागे गेली तर तो मागे घरंगळण्याची शक्यताच जास्त. पुढे वाकून मोकळेपणानं खोकू द्यावं. खोकणाऱ्याचा घसा आपलं काम करतो आहे.

भीती वाटावी ती न येणाऱ्या ठसक्याची. पक्षाघातात, कंपवातात, स्मृतिभ्रंशात किंवा फार थकलेल्या म्हातारपणात घशाची संवेदना मंदावते. मग पाणी, लाळ, अन्नाचे कण गुपचूप फुफ्फुसात उतरतात, खोकला येत नाही, आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. घरातल्या ज्येष्ठ माणसाचा आवाज जेवणानंतर ओला, गुरगुरणारा होत असेल, वारंवार ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर "वयामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. त्यांचं गिळणं तपासून घ्या. हे मी कळकळीनं सांगतो, कारण आम्हीही सुरुवातीचे काही दिवस असेच सोडून दिले होते.

लहान मुलांत धोका घन वस्तूंचा. उजव्या फुफ्फुसाकडे जाणारी नळी डावीपेक्षा रुंद आणि अधिक उभी असल्यानं निसटलेली वस्तू बहुधा तिकडे जाते. शेंगदाणा, चण्याची डाळ, चिंचोका, सीताफळाची बी यांतलं काहीही पुरेसं आहे. त्यात शेंगदाणा आत ओलावा धरून फुगतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊच नयेत, कूट करून द्यावा.

> चौकट : घास अडकला तर
>
> माणूस खोकत असेल, बोलू शकत असेल, तर खोकू द्या. पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच निघत नसेल, खोकता येत नसेल, हात गळ्याकडे जात असतील, तर एक क्षणही दवडू नका. कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. घास अडकलेल्या माणसाला पुढे वाकवा आणि तळव्याच्या टाचेनं पाठीवर खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध पाच जोरदार तडाखे द्या. घास निघाला नाही तर मागून कवेत घ्या, एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरून आत आणि वर असे पाच झटके द्या. घास निघेपर्यंत दोन्ही आळीपाळीनं करा. पोटावरच्या झटक्यांची ही रीत अमेरिकी डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये मांडली.
>
> एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर झटके देऊ नका. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या हाडावर पाच वेळा दाबा. गरोदर बाईलाही पोटाऐवजी छातीवर दाब द्यायचा. माणूस बेशुद्ध पडला तर छातीवर दाब देणं, म्हणजे सीपीआर, सुरू करा.

अशी रचना झालीच कशी

पोटाची आणि फुफ्फुसाची वाट एकाच चौकातून नेणं धोक्याचं आहे, हे डार्विन यांनाही खटकलं होतं. 1859 च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी या विचित्र मांडणीची दखल घेतली आहे. खुलासा आपल्या पूर्वजांत आहे. फुफ्फुसं ही पुरातन माशांच्या अन्नमार्गाच्या खालच्या बाजूला फुटलेली पिशवी. नाकपुड्या मात्र तोंडाच्या वर. म्हणजे वाटा ओलांडणं आलंच. आईच्या पोटात ही गोष्ट पुन्हा घडते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीला एक कोंब फुटतो, त्याचीच श्वासनलिका आणि फुफ्फुसं होतात.

वेगवेगळ्या प्राण्यांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले. नाकतोडा पोटाच्या बाजूला असलेल्या छिद्रांतून श्वास घेतो, त्याच्या तोंडाचा श्वासाशी संबंधच नाही. सापाच्या श्वासनळीचं तोंड तोंडाच्या तळाशी असतं आणि मोठा उंदीर गिळायला मिनिटांमागून मिनिटं लागतात तेव्हा तो ते पुढे, भक्ष्याच्या खालून बाहेर काढून श्वास चालू ठेवतो. डॉल्फिनचं स्वरयंत्र चोचीसारखं लांब होऊन थेट नाकाच्या वाटेत खोचलेलं असतं, घास त्याच्या बाजूनं जातो.

माणसाचं बाळ जन्मतः थोडंफार त्या वाटेवर असतं. नवजात बाळाचं स्वरयंत्र मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ, इतकं वर असतं की एपिग्लॉटिस मऊ टाळूला जवळजवळ टेकतं. म्हणून अंगावर पिताना बाळ नाकानं श्वास घेत राहू शकतं, फक्त प्रत्येक घोटापुरतं क्षणभर थांबतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांची ही लय गर्भाच्या साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळीनं दूध द्यावं लागतं ते यामुळे. रडणाऱ्या बाळाचं नाक दाबून बोंडल्यानं गुटी किंवा औषध ओतणं यासाठीच धोक्याचं. रडताना बाळ मोठमोठे श्वास आत ओढत असतं, फाटक सताड उघडं असतं.

पुढे वाढत्या वयात स्वरयंत्र खाली सरकतं आणि मुलग्यांत कंठ फुटतो तेव्हा आणखी खाली जातं. वरचा चौक मोठा होतो, ओलांडायचं अंतर वाढतं आणि ठसक्याची शक्यताही. याच मोकळ्या पोकळीत जीभ पुढे-मागे, वर-खाली फिरून आ, ई, ऊ हे स्वर स्पष्ट वेगळे काढते. बोलण्यासाठीच स्वरयंत्र खाली आलं की इतर कारणानं, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काही हरणांचं स्वरयंत्रही खाली असतं आणि हरणं बोलत नाहीत.

आजीची तपासणी साधी होती. तज्ज्ञबाईंनी तिला ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे घ्यायला सांगितली आणि एक चमचा दाट केलेलं सरबत दिलं. हनुवटी खाली आली की जिभेचं मूळ मागे सरकतं, हवेच्या दाराचं तोंड अरुंद होतं, आणि एपिग्लॉटिसच्या पुढचा खळगा द्रव थोपवून धरायला मिळतो. घोट उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आजी, आता आ म्हणा." आवाज ओला आला तर समजायचं, स्वरतंतूंवर थेंब साचला आहे. पहिल्या दिवशी पाण्याच्या एका चमच्यालाच आवाज ओला आला होता.

सहा आठवडे तिनं जिभेचे आणि गिळण्याचे व्यायाम केले. चहा दाट करून पिणं तिला शेवटपर्यंत आवडलं नाही, पण तिनं तो प्यायला. मग एका सकाळी परवानगी मिळाली. साधा, पातळ, आल्याचा चहा. तिनं कप दोन्ही हातांत धरला, हनुवटी खाली घातली, लहानसा घोट घेतला. मी तिच्या कंठाकडे पाहत होतो. तो वर गेला, खाली आला. मग कुणी न सांगता ती "आ" म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता.